मधली मोकळी जागा

रोशनीने फोल्डरवर राइट क्लिक केलं, उघडलेल्या यादीत ‘फेकून दे’वर बाण नेला, बटण दाबलं आणि पाण्याची बाटली उचलली. बाटली तोंडाला लागेपर्यंत सगळे नातेवाईक गेलेले होते.

तसे सगळे ठणठणीत होते. कोणी प्रताप नगरात कूलरपुढे दुपारची झोप काढत होतं, कोणी लग्नातून उरलेली बुंदी संपवत होतं. गेले होते ते त्यांचे फोटो. या दोन गोष्टींत फारसा फरक नाही, हे रोशनीला थोड्याच वेळात कळणार होतं.

सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चंपतरावांचा फोटो स्टुडिओ आहे. रोशनी तिथं संगणकावर बसते. आधी त्या संगणकात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून एकेक नवा व्हायरस मुक्कामाला यायचा. म्हणून रोशनीने त्यात लिनक्स टाकलं, आणि मग तिला फाइल मॅनेजरचा नाद लागला. फाइल मॅनेजर म्हणजे ती पिवळ्या फोल्डरांची खिडकी, जिच्यात आपण फाइली शोधतो आणि त्या सापडत नाहीत. तिची एक खुबी अशी, की चार ओळींची स्क्रिप्ट लिहून ठरलेल्या जागी ठेवली की ती थेट राइट क्लिकच्या यादीत येऊन बसते. मग फोटो निवडा, उजवं बटण दाबा, आणि जे काम दिवसभर चाललं असतं ते चहा येईपर्यंत होतं.

रोशनीने स्क्रिप्टांना घरगुती नावं दिली होती. ‘लहान कर’ फोटो लहान करायची. ‘शिक्का मार’ कोपऱ्यात दुकानाचं नाव टाकायची. ‘कार्ड खाली कर’ फोटो संगणकात उतरवून कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायची. ‘गोरं कर’ नावाचीही एक होती. पण चंपतरावांनी ती एका डेअरीवाल्याच्या म्हशीवर चालवली आणि डेअरीवाल्याने आपली म्हैस ओळखायला नकार दिला. तेव्हापासून ती काढून टाकली. आणि ‘फेकून दे’. तिचं काम नावाप्रमाणे. कचऱ्याच्या डब्यात वगैरे ठेवायची नाही, सरळ फेकायची.

या ‘फेकून दे’त एक खोट होती आणि ती रोशनीला ठाऊक होती. फोल्डरच्या नावाभोवती अवतरणचिन्हं टाकायची राहिली होती. ती असली की स्क्रिप्टला कळतं, हे सगळं मिळून एकच नाव आहे. नसली की जिथं मोकळी जागा दिसेल तिथं स्क्रिप्ट नाव तोडते आणि दोन तुकड्यांना दोन वेगळी नावं समजते. ‘उद्या टाकते,’ असं रोशनी स्वतःला म्हणाली होती. तो उद्या अजून सुट्टीवर होता. तोवर तिने दुकानात नियम केला: नावात मोकळी जागा सोडायची नाही, दोन शब्दांच्या मध्ये खालची आडवी रेघ टाकायची.

चंपतरावांना ती रेघ पहिल्या दिवसापासून डोळ्यात सलत होती.

“काय वं हे, लग्नाच्या नावात आडव्या काड्या? कोणाचा काडीमोड झाला त कोण निस्तरीन?”

रोशनी हसली होती. चंपतराव हसले नव्हते. आज सकाळी ती यायच्या आधी त्यांनी आंघोळ करून, उदबत्ती लावून, एकेका फोल्डरातली काडी काढून टाकली होती आणि तिच्या जागी मोकळी जागा सोडली होती. म्हणून काल संध्याकाळी ‘दीप्ती_रद्द’ असलेलं फोल्डर आता ‘दीप्ती रद्द’ झालं होतं. त्यात दीप्तीच्या लग्नातले टाकाऊ फोटो होते: मिटलेले डोळे, भरलेले गाल, लोकांच्या पाठी. त्याच्याच शेजारी ‘दीप्ती’ नावाचं दुसरं फोल्डर होतं. त्यात चांगले फोटो.

स्क्रिप्टने नाव तोडलं. ‘दीप्ती’ सापडलं, फेकलं. ‘रद्द’ सापडलं नाही, पण ती काही बोलली नाही. काही सापडलं नाही तर गप्प बसायचं, असं रोशनीनेच तिला शिकवलं होतं.

पाण्याचा घोट गिळता गिळता रोशनीने पडद्याकडे पाहिलं. ‘दीप्ती रद्द’ जागच्या जागी होतं. ‘दीप्ती’ नव्हतं.

तिने बाटली टेबलावर ठेवली.

“काका,” ती म्हणाली, “काड्या तुम्ही काढल्या?”

“मस्त मोकळं मोकळं वाटते ना?” चंपतराव म्हणाले.

जुनी हार्ड डिस्क बरी असते. ती काढून टाकलं म्हणते आणि कुठंतरी जपून ठेवते. दुकानात नुकतीच बसवलेली नवी डिस्क मात्र प्रामाणिक होती. फेक म्हटलं की खरंच फेकायची. रोशनीने पुसलेल्या फाइली शोधायचा प्रोग्राम चालवला. त्याने बरंच शोधून एका म्हशीचा फोटो काढून दिला. दुसरी प्रत नव्हती. गिऱ्हाइकाची निवड झाल्यावरच दुसरी प्रत ठेवायची, ही चंपतरावांची पद्धत.

आता हे दीप्तीचं लग्न काय होतं, ते सांगायला पाहिजे.

रविवारी विहारात झालं. त्रिशरण, पंचशील, हार, फुलं. पांढऱ्या साडीतली दीप्ती, पांढऱ्या शर्टातला नवरदेव. विधीचे फोटो अल्बमवाल्याकडे छापायला गेलेच होते, त्यांना धोका नव्हता. ‘दीप्ती’मध्ये राहिले होते ते नंतरचे, स्टेजवर येऊन उभे राहिलेल्या नातेवाइकांचे. त्यांचंही एक वेळ चाललं असतं. ते सगळे एकमेकांशी बोलत होते.

शेवटच्या फोटोतले दोघं बोलत नव्हते.

एक दीप्तीचे वडील प्रेमानंद. दुसरे दीप्तीचे मामा धम्मानंद. कितीतरी उन्हाळ्यांपूर्वी धम्मानंदने प्रेमानंदला कूलर वापरायला दिला होता. तो परत गेला तेव्हा त्यात पाण्याची मोटर नव्हती. प्रेमानंदचं म्हणणं, आला तेव्हाही नव्हती. धम्मानंदचं म्हणणं, मग दोन महिने काय कूलरची हवा तोंडाने फुंकत होता काय? यावर बोलणं बंद झालं. प्रेमानंदची बायको कुसुमताई धम्मानंदची बहीण, म्हणजे भांडण दोन्ही बाजूंनी तिच्याच घरचं. एका खोलीत बसून “त्याले सांग, चहा थंडा होऊन राहिला,” “त्याईले सांग, मले दिसते,” असे निरोप ती पोचवत आली होती.

आणि रविवारी, सगळं आटोपल्यावर, लहानू दिव्यांचे स्टँड गुंडाळत असताना त्याला दिसलं, की एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर आहे आणि दोघं हसताहेत. लहानू हा दुकानाचा फोटोग्राफर, सव्वासहा फूट उंच. कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर, हे पाहत न बसता त्याने कॅमेरा उचलला आणि दाबलं. एकच फोटो.

दोन दिवस आनंदाचे गेले. तिसऱ्या दिवशी भांडण सुरू झालं, की आधी हात कोणी टाकला. ज्याने टाकला त्याने मोटरीची चूक कबूल केली, असा दोघांनीही अर्थ लावला होता. आणि दोघंही म्हणत होते, त्याने टाकला.

आज सकाळीच कुसुमताईचा फोन आला होता.

“रोशनी, संध्याकाळी मी दोघाईले घेऊन येते. तो फोटो पाहून ठरवतो म्हणतात. तेवढा एक सांभाळून ठेव वं माय. तो नसला न, त हे म्हातारे मरेपर्यंत माह्या तोंडानं बोलतीन.”

“ठेवला आहे ना ताई,” रोशनी म्हणाली होती.

तेव्हा ठेवलेला होता.

रोशनी ताडकन उठली. “काका, कार्ड!”

कार्ड तिने कालच ‘कार्ड खाली कर’ने रिकामं केलं होतं. पण कार्ड रिकामं करणं म्हणजे घराच्या दारावरची पाटी काढणं. पाटी गेली तरी आतली माणसं आतच असतात. दुसरं बिऱ्हाड येऊन त्यांना ढकलेपर्यंत. नातेवाईक अजून कार्डात होते.

“कोठी आहे कार्ड?” तिने विचारलं.

“लहानू घेऊन गेला ना. सावनेरले. रोहितच्या लग्नात.”

म्हणजे बिऱ्हाड आलेलं होतं.

रोशनीने डोळे मिटले आणि तिला सगळं दिसायला लागलं. कॅमेरा पहिल्या घरापासून भरत जातो. सावनेरमध्ये लहानूने एकेक फोटो काढायचा आणि इकडचा एकेक नातेवाईक त्याच रांगेने नाहीसा व्हायचा. नवरदेव घोड्यावर चढला की दीप्तीची मोठी आत्या गेली. घोडा नाचला की दोन्ही मावशा. वरातीत कोणी नागीण केली तर भंडाऱ्याचं अख्खं कुटुंब. रांगेच्या अगदी शेवटी, खांद्यावर हात टाकून, ते दोघं उभे. आणि सावनेरचं लग्न त्यांच्या दिशेने चालत येत होतं.

तिने लहानूला फोन लावला. टेबलाखालून गाणं वाजलं. दोघांनी वाकून पाहिलं. लहानूचा फोन चार्जिंगला होता.

“भुलला वाटते,” चंपतराव म्हणाले.

मग त्यांनी सावनेरला मनोहररावांना, म्हणजे नवरदेवाच्या बापाला, फोन लावला. पलीकडे डीजे असा वाजत होता की इकडे काउंटरवरची काच थरथरली.

“मनोहरराव! लहानूले म्हणा, फोटो काढू नको!”

“हो हो!” पलीकडून आवाज आला. “या ना! जेवणं चालूच आहेत!” आणि फोन बंद. पुन्हा लावला, तर कोणी उचललाच नाही.

“मी निघून राहिली,” रोशनी म्हणाली. तिने गल्ल्याशेजारचं नवं कार्ड उचललं, तोंडाला स्कार्फ गुंडाळला. उन्हाळ्यात नागपुरात गाडीवर निघालेली प्रत्येक मुलगी दरोड्याला निघाल्यासारखी दिसते. आज रोशनीला तसं वाटतही होतं.

“हळू जाजो,” चंपतराव म्हणाले. मग त्यांना सुचलं, “नाही, जोरात जा.”

स्कूटीचं हँडल तव्यासारखं तापलं होतं. सदर ओलांडून ती छिंदवाडा रोडला लागली. प्रत्येक सिग्नल लाल होता आणि प्रत्येक सिग्नलला तिच्या डोक्यात लहानूचं बोट खाली जात होतं. खचॅक. वर्ध्याचे काका. खचॅक. काकांचे जावई. लहानू एरवी आळशी माणूस, एका लग्नात मोजके फोटो काढणारा. पण हा रोहित पोझ देणारा आहे, असं मनोहररावांनी बुकिंगच्या वेळीच अभिमानाने सांगितलं होतं. “आमचा पोरगा एका गॉगलवर दहा फोटो देते.” रोशनीला तेव्हा तो गॉगल आवडला होता.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आल्या. त्या कितीही वेगाने गाडी चालवा, बराच वेळ तिथंच राहतात. एक म्हातारा सायकलवर शिडी आडवी घेऊन मधोमध चालला होता. तो वळेपर्यंत तिने हॉर्न वाजवला, मग विनंती केली, मग शिडीखालून गेली. पाटणसावंगीच्या पुढे ऊन डांबरावर पाण्यासारखं हलत होतं. चूक माझी का काकांची, याचा तिने हिशेब करून पाहिला. त्यांनी काडी काढली. पण काडीवर सगळं तोलून धरलं होतं ते मी. दोन टिंबांएवढी चिन्हं. ती टाकायला जेवढा वेळ लागला असता त्याच्यात ही शिडीसुद्धा वळली नसती.

सावनेरला मंडप शोधावा लागला नाही. डीजे स्वतःच रस्ता सांगत होता. दारावर फेटेवाल्या माणसाने तिला अडवलं.

“पोराकडची का पोरीकडची?”

“फोटोकडची. सोडा काका!”

“थांब थांब, अत्तर लावू दे.”

अत्तर लागलं. दोन पावलं गेली तर समोर स्वतः मनोहरराव. त्यांनी स्कार्फातून दिसणाऱ्या डोळ्यांकडे पाहून ओळख पटल्यासारखी मान हलवली, जी पटणं शक्य नव्हतं, आणि तिच्या हातात ताट दिलं.

“जेवल्याशिवाय जायचं नाही.”

“काका, मी जाऊन नाही राहिली, येऊन राहिली!”

“मंग त जेवाच लागते.”

ताटात पुरी पडली, वांग्याची भाजी पडली, भाजीवर बुंदी पडली. ताट सांभाळत रोशनी गर्दीत घुसली. दूर, स्टेजपुढे, स्टुलावर लहानू उभा होता. आधीच सव्वासहा फूट, त्यात स्टूल. मंडपाच्या झालरीत त्याचं डोकं अर्धं गेलेलं. त्याचं बोट बटणावर होतं. खचॅक.

ती ओरडली. डीजेपुढे तिचं ओरडणं तिला स्वतःलाही ऐकू आलं नाही. एक आजीबाई वाटेत खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यांना वळसा. खचॅक. वाढप्याची बादली, तिला वळसा. कोण उरलं असेल आता? शेवटून तिसरी ती चुलत आजी. शेवटून दुसरे स्वयंपाकी, त्यांनी हौसेने काढून घेतला होता. आणि मग ते दोघं. लहानूने कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. स्टेजवर नवरीने, भूमिकाने, हार वर उचलला. रोहितने गॉगल सावरून मान वाकवली. रोशनीने छाती भरून श्वास घेतला.

नेमका त्याच क्षणी भटजींनी माइक हातात घेतला आणि डीजे बंद झाला.

“थांबाऽऽऽ!” रोशनी ओरडली. “हे होऊ देऊ नका!”

मंडपात पंखे तेवढे फिरत राहिले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तोंडाला स्कार्फ, हातात ताट, घामाने डबडबलेली एक पोरगी. मग सगळ्यांनी रोहितकडे पाहिलं. भूमिकाचा हार हवेत थांबला. भूमिकाच्या मामांनी बाह्या सरसावल्या. मनोहररावांचा फेटा आपोआप एका बाजूला झुकला. रोहितने आयुष्यात पहिल्यांदा कोणी न सांगता गॉगल काढला.

आणि शेकडो चेहरे एकाच वेळी बदललेले दिसले की फोटोग्राफरचं बोट कोणाला विचारत नाही.

खचॅक.

“लहानूभाऊ,” रोशनी बारीक आवाजात म्हणाली, “दाबू नको म्हणत होती मी.”

“कोण वं तू?” भूमिकाचा एक मामा पुढे आला. “याले कशी ओळखतं?”

“मी याले ओळखत नाही.”

“मंग लग्न काहून थांबवलं?”

“लग्न नाही थांबवलं, फोटो थांबवला. कार्ड बदलायचं आहे.”

“कार्ड? ते त महिन्याआधीच वाटून झाले.”

“कॅमेऱ्याचं!” तिने स्कार्फ सोडला आणि खिशातलं नवं कार्ड वर धरलं. मंडपाने सोडलेल्या श्वासाने झालर हलली. एकटी भूमिका अजून रोहितकडे पाहत होती. “गॉगल काढून बरा दिसतं तू,” ती म्हणाली आणि तिने हार घातला.

लहानू स्टुलावरून वाकून म्हणाला, “रोशनी, माह्या जिंदगीतला सगळ्यात भारी फोटो आला बाप्पा आता. दाखवू?”

“नको! कायबी नको दाबू. दे इकडे.”

जुनं कार्ड तिने रुमालात गुंडाळलं आणि वळली. समोर मनोहरराव. तिच्या ताटाकडे पाहत.

“पुरी तशीच आहे,” ते दुःखाने म्हणाले.

येताना तिने एका हाताने गाडी चालवत पुरी खाल्ली.

दुकानात आल्यावर तिने कार्ड लावलं आणि शोध सुरू केला. सावनेरचे सगळे फोटो धडधाकट निघाले. शेवटचा खरंच भारी होता. दीप्तीचे नातेवाईक एकही नाही. चुलत आजी नाही, स्वयंपाकी नाहीत. शेवटच्या जागी, शेवटच्या फोटोचा फक्त मागचा भाग शिल्लक होता. तिच्या ओरडण्याने जो फोटो निघाला, त्यानेच या फोटोची सुरुवात खाल्ली होती.

“मंग उघड ना जेवढा आहे तेवढा,” चंपतराव म्हणाले. ते मघापासून संगणकापासून दूर, हात मागे बांधून उभे होते.

“उघडत नाही काका. फोटोच्या फाइलीचं डोकं सुरुवातीला असते. मी कोण, केवढी, मले कसं वाचायचं, सगळं तिथं. तेच गेलं. आता हे नुसतं धड आहे.”

“मंग दुसऱ्याचं डोकं लाव.”

ते थट्टेने म्हणाले होते. रोशनीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. एकच कॅमेरा, एकच मोजमाप. डोकं जुळायला हवं. तिने रिकामं पान उघडलं आणि लिहायला बसली. सावनेरच्या शेवटच्या फोटोचं डोकं कापून घ्यायचं, या धडाला जोडायचं, नव्या नावाने ठेवायचं. नावाभोवती अवतरणचिन्हं टाकली. पुन्हा पाहिली. स्क्रिप्टला नाव दिलं ‘डोकं लाव’ आणि यादीत नेऊन ठेवली.

“जय भीम,” दारातून आवाज आला.

कुसुमताई पुढे, तिच्या एका बाजूला प्रेमानंद, दुसऱ्या बाजूला धम्मानंद. दोघंही एकमेकांकडे न पाहता एकाच वेळी दारातून आत यायला गेले आणि अडकले.

“यांना सांग, आधी व्हा म्हणा,” प्रेमानंद म्हणाले.

“त्याईले सांग, मले घाई नाही,” धम्मानंद म्हणाले.

बाकावर दोघांच्या मध्ये कुसुमताई बसली. रोशनीने उभं राहून सगळं सांगितलं. काडी सांगितली, अवतरणचिन्हं सांगितली, सावनेर सांगितलं. काही लपवलं नाही. ऐकता ऐकता कुसुमताईचा पदर हातात गोळा होत गेला.

“म्हणजे फोटो नाही,” धम्मानंद उठले. “चला. मी म्हणतच होतो.”

“यांना विचार, काय म्हणत होते?” प्रेमानंदही उठले. “यांच्या मनासारखंच झालं. फोटो असता त तोंड दाखवता आलं नसतं!”

“बसा!” रोशनी म्हणाली. तिचा आवाज सावनेरच्या मंडपात निघाला होता तसाच निघाला. दोघं बसले. “थोडासा आहे. किती, ते मलेही माहीत नाही.”

तिने धडावर राइट क्लिक केलं. बाण ‘डोकं लाव’वर नेला. दुकानात फक्त कूलरचा आवाज होता. चंपतरावांनी डोळे मिटले. रोशनीने दाबलं.

पडदा काळा झाला. मग वरून हळूहळू चित्र उतरायला लागलं. रंग हिरवट, जसं काही लग्न तलावाच्या तळाशी लागलं होतं. पांढरे शर्ट. दोन. खांदे. हात. पोटं. पायजमे. पाय.

डोकी नव्हती.

खांद्यावर हात स्पष्ट होता. उजवीकडच्याने डावीकडच्याच्या खांद्यावर टाकलेला.

“पाहा!” दोघं एकदम ओरडले. “डावीकडला मी!”

मग दोघं कुसुमताईकडे वळले.

“यांना सांग, डावीकडला मी आहे.”

“त्याईले म्हणा, मी मले ओळखतो.”

रोशनीने फोटो जवळ केला. शर्ट सारखेच, कुसुमताईने एकाच ताग्यातून दोघांना शिवले होते. विहारात असल्याने पाय अनवाणी. घड्याळ कोणाच्याच हातात नाही. पोटंसुद्धा एकाच ताग्यातून कापल्यासारखी.

“उभे राहा,” चंपतराव म्हणाले. इतका वेळ गप्प राहिल्याने त्यांचा आवाज न्यायाधीशासारखा झाला होता. “दोघंही उभे राहा. फोटोत आहे तसे. ज्याचं जुळलं तो.”

दोघं उभे राहिले. आधी धम्मानंद डावीकडे. प्रेमानंदने नाइलाजाने, पुराव्यापुरता, त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

“असं नाही,” रोशनी पडद्याकडे पाहत म्हणाली. “उजवीकडचा वाकला आहे. समोर. अजून. अजून थोडा, काका.”

“अजून वाकलो त पडीन ना बाप्पा!” प्रेमानंद म्हणाले.

“माहीत होतं,” धम्मानंद खुशीत म्हणाले. “तो मी नाही म्हणूनच... म्हणजे, ते हेच आहेत, पण—” त्यांचं त्यांनाच कळेना. बाजू बदलल्या. आता धम्मानंद उजवीकडे. ते वाकले आणि खरंच पडले असते, प्रेमानंदने दंड धरला म्हणून वाचले.

“मंग फोटोतला काहून नाही पडला?” प्रेमानंद म्हणाले. थेट धम्मानंदला. मध्ये कुसुमताई नव्हती. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

“तेच त मी इचारून राहिलो. हात टाकला नाही त्यानं, आधार घेतला. पडून राहिला होता तो!”

“पण सरळ उभा माणूस पडीन कसा?”

रोशनीने फोटो आणखी मोठा केला. दोन पांढऱ्या शर्टांच्या मधल्या मोकळ्या जागेत काहीतरी होतं. डोकी असती तर कोणी तिकडे पाहिलंच नसतं, सगळ्यांनी चेहरेच पाहिले असते. उजवीकडच्याच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, एक तळहात. पुरा टेकलेला, जोर लावलेला. मनगटात काचेच्या बांगड्या.

चौघांनी हळूहळू माना वळवल्या.

कुसुमताई बाकावर बसून रोशनीच्या बाटलीतलं पाणी पीत होती. तिने बाटली खाली ठेवली, झाकण लावलं. बांगड्या वाजल्या.

“मंग काय करू?” ती म्हणाली. “किती उन्हाळे थांबू?”

“पण ढकललं कोणाले?” धम्मानंदने विचारलं.

“हो, कोणाले?” प्रेमानंदने विचारलं.

“ते मी मरेपर्यंत सांगत नाही.”

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. प्रेमानंदचा हात अजून धम्मानंदच्या दंडावर होता आणि आता तो काढावा की नाही, हे दोघांनाही ठरवता येत नव्हतं. काढला तर भांडण, ठेवला तर कबुली. म्हणून धम्मानंदने आपलाही हात त्यांच्या खांद्यावर टाकला. आता दोघंही सारखेच फसले.

रोशनीने दुकानाचा कॅमेरा उचलला. कार्ड आहे का पाहिलं. रिकामं आहे का पाहिलं. मग डोळ्याला लावला आणि बोट बटणावर ठेवलं, तर ते खाली जाईना. दिवसभर एकच गोष्ट म्हणत आली होती ना.

“दाब वं आता,” कुसुमताई म्हणाली.

खचॅक.

“हा मोठा करून दे,” प्रेमानंद म्हणाले. “आणि तो बिनडोक्याचाही दे. त्यात आम्ही समजदार दिसून राहिलो.”

“कूलरची मोटर...” धम्मानंदने सुरुवात केली.

“चूप!” कुसुमताई म्हणाली.

फोटो संगणकात उतरला. चंपतरावांना आता इतका उत्साह आला की हात मागे बांधून राहवेना. “हे मी करतो,” म्हणत ते खुर्चीत बसले. नवं फोल्डर केलं. एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं: ‘प्रेमानंद धम्मानंद’. मध्ये काडी नाही. चांगली ऐसपैस मोकळी जागा. फोटो त्यात टाकला, समाधानाने मान हलवली आणि फोल्डरवर राइट क्लिक केलं. यादी उघडली. बाण ‘शिक्का मार’ शोधत खाली सरकायला लागला. सरकत सरकत ‘फेकून दे’वर येऊन जरा विसावला.

रोशनीने ‘फेकून दे’त अवतरणचिन्हं अजून टाकली नव्हती. म्हणजे यावेळी स्क्रिप्टने नाव तोडलं असतं, दोन्ही तुकडे सापडले नसते आणि फोटो वाचला असता, पण एवढं आठवायला वेळ कोणाला होता?

“थांबाऽऽऽ!” चौघं एकदम ओरडले.

बाहेर रस्त्यावरून जाणारी एक वरातसुद्धा थांबली.